विहीणबाईंनी ब्रासरीत जेवायला बोलावलंय

पत्र :

‘माझी मुलगी पॅरिसमध्ये नोकरीला आहे. तिथल्याच एका फ्रेंच मुलाशी तिचं लग्न ठरत आलंय. जूनमध्ये आम्ही दोघं तिकडे जाणार आहोत. मुलाच्या आईवडिलांनी एका नव्या, सध्या खूप नाव झालेल्या ब्रासरीत, म्हणजे तिथल्या एका प्रकारच्या रेस्टॉरंटमध्ये, रात्री साडेआठचं टेबल घेतलंय. मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. ह्यांना सगळं चालतं, फक्त दारू घेत नाहीत. लेकीने मेन्यूचा फोटो पाठवला, त्यातलं ओ की ठो कळलं नाही. तिला शंका विचारल्या तर म्हणाली, “आई, तिथे असले प्रश्न विचारत बसू नकोस, वेटर वैतागतात. काहीतरी सॅलड घे.” आम्ही एरवी सात-साडेसातला जेवतो. तेव्हा आधीच थोडं जेवून जावं आणि तिथे सॅलड चिवडत बसावं, असं मनात आहे. बिलाचं काय करायचं तेही कळत नाही. आमच्यामुळे तिला मान खाली घालायला लागू नये, एवढंच वाटतं.’

— होऊ घातलेली सासू

ताई,

जेवून जाऊ नका. यजमान समोर बसून तीन पदार्थ खाणार आणि पाहुणी पाल्याशी खेळत बसणार, यात सगळ्यांत जास्त अवघडतील ते तेच. शिवाय सॅलड म्हणजे सुटका, हा लेकीचा समज फ्रान्समध्ये चालत नाही. ल्यों शहराच्या नावाच्या सॅलडमध्ये अंड्याबरोबर डुकराच्या मांसाचे परतलेले तुकडे असतात, त्यांना ‘लार्दों’ म्हणतात. नीस शहराच्या सॅलडमध्ये ट्यूना आणि अँकोव्ही हे मासे. मेन्यूवर नुसतं ‘सॅलड’ वाचून मागवलंत आणि ताट आल्यावर दचकलात, तर जो प्रसंग टाळायचा होता तोच समोर येईल.

म्हणून माझं म्हणणं तुमच्या लेकीच्या अगदी उलट आहे. विचारा. नीट, वेळेवर, दोन-तीनच प्रश्न, पण विचारा. ब्रासरी ही त्यासाठी चांगली जागा आहे.

नाव मोठं आणि फोटो चकचकीत म्हणून तुम्हाला ती फार शिष्टाचाराची जागा वाटतेय. मुळात या बिअर प्यायच्या जागा. पॅरिसमधली बोफांजे १८६४ मध्ये बास्तीय चौकाजवळ सुरू झाली. १८७१ मध्ये फ्रान्स युद्ध हरल्यावर आल्सास प्रांत जर्मनीकडे गेला आणि तिथली बरीच माणसं पॅरिसला आली. त्यांच्याबरोबर बिअर आणि ‘शूक्रूत’, म्हणजे आंबवलेली कोबी आणि वर सॉसेज, शहरभर पसरलं. सँ-जेर्मँमधली प्रसिद्ध लिप १८८० ची, तीही एका आल्साशियन माणसाने काढलेली. माँपार्नासमधली ला कूपोल १९२७ ची. रेस्टॉरंटची स्वयंपाकघरं ठरावीक वेळेला बंद व्हायची, तेव्हा ब्रासरीत दिवसभर आणि रात्री उशिरापर्यंत काहीतरी गरम मिळायचं. नाटक सुटल्यावर आलेले लोक, एकटा प्रवासी, वकील, नट, सगळे एकाच दालनात. मोठे आरसे, खेटून मांडलेली टेबलं, लांब पांढरा एप्रन बांधलेले घाईतले वेटर आणि भरपूर गोंगाट.

आजच्या नव्या ब्रासरीने हा थाट ठेवला आणि बाकी पुष्कळ बदललं. मेन्यू आखूड झाला, ऋतूप्रमाणे बदलू लागला, भाज्यांना मानाचं पान मिळालं, काही ठिकाणी ताटं मध्ये ठेवून वाटून खातात. आणि दिवसभर दार उघडं ही जुनी सोय बऱ्याच ठिकाणी गेली. आता रात्रीच्या दोन पंगती असतात, एक सात-साडेसातची आणि दुसरी नऊच्या आसपासची. पहिल्या पंगतीचं टेबल अनेकदा दोन तासांत रिकामं करून मागतात. तुमच्या विहीणबाईंनी साडेआठ निवडलं ते मला शहाणपणाचं वाटतं, कारण त्यानंतर बहुतेक कुणी उठवायला येणार नाही. जूनमध्ये पॅरिसला सूर्य दहाच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे साडेआठ म्हणजे रात्र वाटणारही नाही. पाचच्या सुमाराला काहीतरी खाऊन घ्या. तिथेही मुलं शाळेतून आली की चार-साडेचारला खातात, त्यात काही वावगं नाही. मात्र वेळेवर पोहोचा. फ्रेंच माणसाच्या घरी जेवायला जाताना दहा-पंधरा मिनिटं उशिरा जाणं सभ्यपणाचं मानतात, पण हॉटेलातल्या टेबलाला ती सवलत नाही. पाव तासाने टेबल दुसऱ्याला देऊन टाकणारी ठिकाणं आहेत.

आता मुख्य गोष्ट, तुमचं शाकाहारी असणं. ते विहीणबाईंना आजच कळवा. लेकीने एका ओळीत सांगावं : ‘आई मांस-मासे खात नाही, अंडं आणि दूध चालतं.’ त्यांनी ते ब्रासरीला आधीच कळवलं की अर्धं काम झालं. हे लपवून ठेवण्यात नम्रपणा आहे असं तुम्हाला वाटत असेल; ज्यांनी प्रेमाने जागा शोधली त्यांना आयत्या वेळी कळलं तर त्यांचाच चेहरा पडेल. ‘मांस नाही’ एवढंच सांगून थांबू नका. मासे हे मांसात न धरणारी माणसं तिथेही आहेत. म्हणून ‘नी व्यांद, नी प्वासों’, म्हणजे ना मांस, ना मासा, एवढं एक वाक्य पाठ करा.

आणि कृपा करून ‘अ‍ॅलर्जी आहे’ असं सांगू नका. असा सल्ला बरेच जण देतात, मला तो अजिबात पटत नाही. अ‍ॅलर्जी म्हटलं की स्वयंपाकघर वेगळी भांडी काढतं, ओटा पुसतं, ऐन गर्दीत कामाची साखळी तोडतं. मग तुम्ही नवऱ्याच्या ताटातला बटाट्याचा काप उचललात की सगळं उघडं पडतं.

मेन्यूचा जो फोटो आलाय, त्यात तुमच्यासाठी बरंच काही असू शकतं. सुरुवातीच्या पदार्थांत ‘प्वारो व्हिनेग्रेत’ दिसलं तर बेलाशक मागवा. लीक ही कांद्याच्या घराण्यातली लांब पात, मऊ शिजवून, थंड करून, वर मोहरी-व्हिनेगरचं सॉस. ‘ओ मायोनेझ’ म्हणजे उकडलेली अंडी आणि जाड मेयोनीज. इतका साधा पदार्थ, पण पॅरिसमध्ये त्यावरून स्पर्धा भरते. बकरीच्या दुधाचं चीज भाजून पावावर ठेवलेलं सॅलड असतं, ते ‘शेव्र शो’. त्यात लार्दों टाकलेत का ते विचारायचं. मुख्य पदार्थांत बहुतेक नव्या ब्रासऱ्या भाजीचा एक तरी पदार्थ ठेवतात. नसला तरी साइड डिशमधून छान जेवण होतं : बटाट्याचं ‘ग्रातँ दोफिनवा’, लोण्यातली हिरवी फरसबी, मशरूम. दोन साइड डिश एकत्र एका ताटात द्याल का, हे विचारणं तिथे मुळीच विचित्र नाही.

फसगत होते ती दिसत नाही अशा जागी. कांद्याचं सूप, ज्याचं नाव सगळ्या जगाला माहीत आहे, ते पारंपरिक पद्धतीत गाईच्या हाडांच्या रश्शात करतात. भाजीच्या सूपमध्ये कोंबडीचा स्टॉक असू शकतो. भाजलेल्या भाजीवर चमकदार तपकिरी सॉस दिसला तर तो बहुधा मांसाचा रस. जुन्या पद्धतीने करणारे फ्रेंच फ्राइज गाईच्या चरबीत तळतात. सगळीकडे नाही, पण ‘तेल कुठलं?’ हा प्रश्न रास्त आहे. गोडात मूस किंवा बाव्हारवा या थंड, घट्ट क्रीममध्ये जिलेटिन असू शकतं. चीजचं तुम्ही कितपत धरता ते तुमचं तुम्ही ठरवा : कोंते, रोकफोर, पार्मेझान ही पारंपरिक चीज जनावराच्या पोटातून काढलेल्या रेनेटने विरजतात. तुम्ही आजवर पिझ्झ्यावरचं पार्मेझान खात आला असाल, तर त्या रात्री हा विषय काढू नका.

ह्यांच्यासाठी दोन-तीन इशारे. ‘री द व्हो’मध्ये भात शोधू नका, ती वासराच्या गळ्याजवळची ग्रंथी असते. ‘आंदुयेत’ हे आतड्यांचं सॉसेज, त्याचा वास टेबलाच्या पलीकडे जातो. ज्यांना आवडतं त्यांना फार आवडतं, पण व्याह्यांसमोर पहिल्यांदा चाखून बघण्याचा तो पदार्थ नव्हे. ‘स्टेक तार्तार’ म्हणजे कच्चं गोमांस बारीक चिरून. आणि स्टेक मागवला तर कितपत शिजवू असं विचारतीलच. ‘आ प्वँ’ म्हणजे मध्यम, पण फ्रान्समधलं मध्यम आतून गुलाबीच असतं. पूर्ण शिजलेलं हवं तर ‘ब्यँ क्वी’ म्हणा. आचाऱ्याला वाईट वाटेल, वाटू द्या. सगळं खातात म्हणजे गोमांसही खातात का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसतील खात तर तेही आजच्याच निरोपात जाऊ दे. बदकाची तंगडी, ‘काँफी द कानार’, किंवा लोण्यातला सोल मासा ही दोन्ही खात्रीची नावं आहेत.

मेन्यूवर ‘आंत्रे’ लिहिलेलं असतं ते सुरुवातीचं खाणं, मुख्य पदार्थ ‘प्ला’ या मथळ्याखाली. अमेरिकेत उलटं आहे, त्यामुळे गोंधळ होतो. तीनही टप्पे घ्यायलाच हवेत असं नाही. यजमान काय घेतात ते बघा आणि तेवढेच टप्पे घ्या, म्हणजे कुणी एकटं रिकाम्या जागेसमोर बसत नाही.

दारूचं फार सोपं आहे. ‘नाही, धन्यवाद’ एवढं पुरतं, कारण द्यायची गरज नाही आणि कुणी आग्रहही धरणार नाही. ग्लास उंचावून ‘सांते’ म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, एवढं मात्र पाळा. तिथे नजर चुकवलेली खटकते. पाण्यासाठी ‘कराफ दो’ मागितलं की नळाचं पिण्याचं पाणी सुरईत येतं, फुकट. जेवणाबरोबर पाणी आणि पाव यांचे पैसे लावायचे नाहीत हा नियम तिथे १९६७ पासून आहे. बाटलीबंद पाणी नको म्हणण्यात काटकसरीचा वास येत नाही, सगळे तेच करतात. दारू पीत नसाल पण सॉसमध्ये चालते की नाही, हे ह्यांनी आधी ठरवावं. गोमांसाचं बफ बुर्गिन्यों, कोंबडीचं कोक ओ व्हँ, शिंपल्यांचं ‘मूल मारिन्येर’, या सगळ्यांत वाइन असते. बाबा ओ र्‍हम हा केक तर रममध्ये भिजवलेला असतो आणि कधीकधी बाटली टेबलावर आणून वरून आणखी ओततात. त्यापेक्षा ‘ईल फ्लोतांत’ घ्या दोघांनी : कस्टर्डवर तरंगणारा अंड्याच्या पांढऱ्याचा हलका गोळा, वर कॅरॅमल.

आता वेटर वैतागण्याबद्दल. लेकीचं म्हणणं अगदीच खोटं नाही. तिथला वेटर वैतागतो, पण कशाने? चुटकी वाजवून किंवा ‘गार्सों’, म्हणजे ‘पोरा’, म्हणून हाक मारली तर. आल्याआल्या ‘बॉन्स्वार’, म्हणजे ‘शुभ संध्याकाळ’, न म्हणता थेट मागणी केली तर. याला तिथे खरोखर उद्धटपणा समजतात, आणि परदेशी माणसांची अर्धी भांडणं इथूनच सुरू होतात. नऊ वाजताच्या गर्दीत पाच जणांनी पाच वेळा वेगवेगळं बोलावलं तर. किंवा ‘हा पदार्थ द्या, पण यातलं हे काढा, ते घाला, सॉस बदला’ असं म्हणून आचाऱ्याचा पदार्थ मोडून नवा करायला लावला तर. ‘यात मांसाचा स्टॉक आहे का?’ या प्रश्नाने तो वैतागत नाही, ते त्याचं कामच आहे. ब्रासरीतली वेटरकी हा तिथे आयुष्यभर करायचा धंदा आहे, कॉलेजच्या पोराची सुट्टीतली नोकरी नव्हे. फ्रान्समधल्या कायद्यालाही तुम्ही विचारावं असंच वाटतं : मेन्यू आणि किमती दाराबाहेर लावाव्या लागतात, चौदा अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती २०१५ पासून लेखी ठेवावी लागते, गोमांस कुठल्या देशातलं तेही लिहावं लागतं.

तेव्हा पद्धत अशी. बसल्यावर मेन्यू निवांत वाचा. मेन्यू मिटून ठेवलात की तुमचं ठरलं असं वेटर समजतो, म्हणून शंका असेल तर तो उघडाच ठेवा. वेटर आला की ‘मस्यू’ किंवा ‘मादाम’ म्हणून सुरुवात करा, आपलं पाठ केलेलं वाक्य म्हणा आणि मेन्यूतल्या दोन पदार्थांवर बोट ठेवा : यातलं कुठलं चालेल? दोनातून निवडून द्यायला त्याला पाच सेकंद लागतात. ‘माझ्यासाठी काय आहे?’ असं मोघम विचारलंत तर मात्र उत्तर ‘सॅलड’ येईल, आणि आपण होतो तिथे परत.

हे तुम्ही स्वतः करावं असं सांगण्यामागे दुसरंही कारण आहे, ते तुमची लेक. त्या रात्री तिला दोन्ही बाजूंचं भाषांतर करायचंय. तुम्ही बोललात की फ्रेंचमध्ये, विहीणबाई बोलल्या की मराठीत, मध्ये वेटर, मध्ये होणाऱ्या नवऱ्याचा विनोद, आणि यात तिचं स्वतःचं ताट गार होणार. तिच्या त्या ‘प्रश्न विचारू नकोस’मध्ये मला वेटरच्या भीतीपेक्षा हा थकवा जास्त ऐकू येतो. पाणी, पाव, मांस-मासा एवढ्यापुरतं तुम्ही तिच्यावर अवलंबून राहिला नाहीत तर तिला दोन घास सुखाने खाता येतील. तिला टेबलाच्या मध्यावर बसवा, टोकाला नको. ब्रासरीत छत उंच, फरशी उघडी आणि भिंतीवर आरसे, त्यामुळे आवाज घुमतो. टोकाला बसलेल्याला पलीकडचं काही ऐकू येत नाही. भिंतीला लागून गादीचा लांब बाक असतो, तिथे बायकांना किंवा वडीलधाऱ्यांना बसवतात. टेबलं इतकी जवळ असतात की वेटर टेबल पुढे ओढून तुम्हाला आत जायला वाट करून देईल. तो ओढेपर्यंत थांबा, स्वतः घुसायला जाऊ नका, शेजारच्यांचे ग्लास धोक्यात येतात.

टेबलावरच्या बाकी रीती तुम्ही समजताय तेवढ्या अवघड नाहीत. पावाला वेगळी बशी बहुधा नसते, तो टेबलावरच ठेवायचा, हाताने मोडून खायचा. लोणी येईलच असं नाही. हात मांडीवर न ठेवता मनगटं टेबलाच्या कडेला दिसू द्यावीत. खाऊन झालं की काटा-सुरी एकमेकांना लागून ताटात ठेवा, नाहीतर ताट उचलणार नाहीत. कॉफी गोड खाऊन झाल्यावर येते, आणि नुसतं ‘काफे’ म्हटलंत तर इवलासा कडू एस्प्रेसो. भेटताना गालाला गाल लावायचा की हात मिळवायचा, ते विहीणबाईंवर सोडा. त्या पुढे झाल्या की कळेलच. उरलेलं अन्न मागितलं तर बांधून देणं तिथे २०२१ पासून बंधनकारक आहे, पण पहिल्याच भेटीत हा हक्क बजावू नका असं मी म्हणेन.

राहिलं बिल. बोलावलं त्यांनी, देणार तेच. तिथे ‘आमच्याकडून’ असं म्हणून बोलावणं याचा अर्थच तो असतो. पाकिटाची ओढाताण करू नका, ती तिथे प्रेमळ वाटण्याऐवजी अविश्वासाची वाटते. बिल कुणी आपणहून आणून ठेवत नाही, मागावं लागतं. त्यामुळे अकरा वाजले आणि बिल दिसत नाही म्हणून वेटरला विसर पडलाय असं समजू नका. सेवेचा आकार किमतीतच धरलेला असतो, वर काही नाणी ठेवायची की नाही हे यजमान बघतील. फुलं ब्रासरीत नेऊ नका, ठेवायला जागा नसते. भेटवस्तू द्यायची तर लहान, पर्समध्ये मावेल अशी.

आणि परतफेड करायचीच असेल, तर तुमचा मुक्काम संपायच्या आत त्यांना दुपारच्या जेवणाला बोलवा. दुपारी बऱ्याच ठिकाणी ठरावीक पदार्थांचा ठरलेल्या किमतीचा बेत असतो, त्याला ‘फॉर्म्युल’ म्हणतात. रात्रीपेक्षा पुष्कळ स्वस्त, गोंगाटही कमी. जागा तुम्ही आणि ह्यांनी निवडा, आदल्या दिवशी दाराबाहेर लावलेला मेन्यू उभ्याने वाचून या, तुमच्यासाठी काय आहे ते आत जाऊन विचारा आणि टेबल तुमच्या नावावर सांगा. त्या दिवशी शेवटी ‘लादिस्यों, सिल व्हू प्ले’, म्हणजे ‘कृपया बिल आणा’, हे ह्यांनी म्हणायचं.